अमीनाची कवळी

एसाविरा या समुद्रकाठच्या शहराच्या सुतारआळीत नवा अमीन, म्हणजे सगळ्या सुतारांचा मुखिया, निवडायचा होता, आणि बेलैद उस्तादांचा जीव त्या पदात अडकला होता. त्यासाठी त्यांनी अरारच्या सुगंधी लाकडाची चोरकळीची पेटी घडवली. कुलूप नाही, फट नाही. एक पट्टी नेमकी सरकवली तरच झाकण निघणार. पंचांपुढे ठेवायची आणि म्हणायचं, उघडा. आत काही खुळखुळलं तर मजा वाढेल म्हणून संध्याकाळी हाताशी आलं ते त्यांनी आत टाकलं. हाताशी होती त्यांची कवळी.

सकाळी धुकं एवढं दाट, की दारातलं गाढव दिसेना. खिडकीत राहिलेली पेटी दमट हवेनं फुगली होती. पट्टी जागची हलेना.

रक्कूश, त्यांची बायको, तोंडात रुमाल कोंबून हसली. "फोडा की पटाशीनं," म्हणाली.

उस्तादांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं त्यांचं डोकंच फोडायला सांगितलं. पावाच्या भट्टीशेजारी ठेवली तर पेटी सुकली असती, पण तेवढी सवड नव्हती. ते तोंड मिटून सभेला गेले.

दुसरा उमेदवार हद्दूश. तो इतका बोलला, की दोन पंच पेंगले. उस्तादांनी नुसती पेटी पुढे सरकवली. मग काय, जो तो तुटून पडला. कुणी दाबली, कुणी फुंकली, एकानं तर कानाशी नेऊन तिला गोडीगुलाबीनं विनवलं. हद्दूशची नखं दुखावली. शेवटी पंच म्हणाले, "उस्ताद, आता तुम्हीच उघडा."

उस्तादांनी मान हलवून नकार दिला. मंडळी भारावली. कारागीर आपली चोरकळ चारचौघांत दाखवत नाही, याला म्हणतात अब्रू. उस्ताद अमीन झाले.

मेजवानीचं ताट आलं. मेंढ्याची अख्खी तंगडी. रीत अशी, की नव्या अमीनानं पहिला घास चावून गिळल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. उस्तादांनी तंगडी उचलली, चोखली, खाली ठेवली. सगळे भुकेले, सगळ्यांची नजर त्यांच्या तोंडावर.

"दात आत आहेत," ते बोळक्या तोंडानं म्हणाले. "पेटी फुगली. मलाही उघडत नाही."

एक पंच कुरकुरला, की मग निवड पुन्हा घ्यायला हवी.

"आधी जेवू द्या," हद्दूश भडकला. "पुन्हा घेतली तर मला परत भाषण करावं लागेल."

ते ऐकताच कुणीच पुन्हा निवडणुकीचं नाव काढलं नाही. हद्दूशनं स्वतः मांसाचे बारीक धागे केले, रश्शात बुडवले आणि नव्या अमीनाला लेकरासारखं भरवले.

"गिळ रे बाबा," तो म्हणाला, "जीव चाललाय."

उस्तादांनी गिळलं, आणि साऱ्यांचे हात एकदम ताटात पडले.