दिव्यांची खुशाली

दिवसभर शिलाई मशीन चालवून पाय भरून आलेली आई घरात शिरली. गेलेली वीज परत आली होती, पण दिवे ढिम्म. दूरदेशी राहणाऱ्या लेकानं ते वायफायवर जोडून दिले होते; वायफाय गेलं की दिवेही जायचे. स्वयंपाकघरातला दिवा लागला की त्याला मोबाइलवर कळायचं, आई ठीक आहे. मग फोन हवा कशाला? आज मात्र त्याचा फोन आला.

"आई, बरी आहेस ना? दिवे बंद दाखवतायत."

"वीज गेली होती रे. मी आहे जागेवर."

"वायफायचा डबा बंद करून परत चालू कर."

गुडघे धरत ती डब्यापाशी खाली बसली, वायर उपटून परत लावली. दिवे लागले.

"झालं! आता काळजी नाही," म्हणत त्यानं फोन ठेवलासुद्धा.

खाली बसलीच होती. तिनं डब्याची वायर पुन्हा उपटली आणि फोन मांडीवर घेऊन अंधारात बसून राहिली.