बांधाकडच्या सहा ओळी

पडवीत गोणपाटावर पसरलेल्या हरभऱ्यावरून सासू-सुनेची जुंपली. आमचं घर त्यांच्या भिंतीला भिंत लागून आणि रान बांधाला बांध, त्यामुळे कान झाकले तरी ऐकू येणारच.

सून शेतीचं प्रशिक्षण घेऊन आली होती. येताना जिवाणू खताची पाकिटं आणली. ती काळपट पूड गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला हलक्या हातानं चोळायची, सावलीत सुकवायचं आणि त्याच दिवशी पेरायचं. ओढ्याकाठच्या रानात हरभरा कधी पेरलाच नव्हता. तिथल्या मातीत हे जिवाणू नसणार, बियाण्याबरोबर नेले तरच मुळांवर गाठी धरतील आणि त्या गाठींतून झाडाला नत्र मिळेल, असं तिचं म्हणणं.

सासूला ते झोंबलं. चाळीस वर्षं घरातलं बियाणं तिच्याच हाताखालून गेलेलं. पेरणीच्या तोंडावर अर्धा गाव टोपली घेऊन तिच्या दारात उभा राहायचा.

"माझं बियाणं काय आजारी आहे, औषध पाजायला?"

"आजारी नाही, आत्याबाई. उपाशी पडू नये म्हणून शिदोरी देतेय."

"या घरात कुणी उपाशी राहिलं नाही. तू आल्यापासूनच सगळ्यांना कमी पडायला लागलंय."

सासऱ्यानं निकाल दिला. ओढ्याकाठी हिला करू द्या काय करायचं ते, पण फसलं तर पुन्हा शेतीतला शब्द तोंडातून काढायचा नाही. नवरा विहिरीवरच्या मोटारीचं काहीतरी बिघडलंय म्हणत निघून गेला. असल्या वेळी त्याची मोटार नेमकी बिघडायची.

सुनेनं सगळ्या बियाण्याला पूड चोळली, सावलीत पसरलं, आणि आधी सुकलेलं एक टोपली घेऊन पुढं झाली, बांधाकडून हातानं टोकत निघाली. तिच्या सहा ओळी झाल्या तेव्हा सासरा उरलेलं बियाणं गाडीतून घेऊन आला. अंधार पडायच्या आत सगळं रान पेरून झालं.

उगवण चांगली झाली. पण महिना उलटला आणि रान पिवळं पडायला लागलं. येणारा-जाणारा थांबून बघायचा, हसायचा. सासरा उठता-बसता सुनेचा उद्धार करायचा. असले प्रयोग बापाच्या रानात करायचे, म्हणायचा. सासू मात्र सुनेला एक टोमणा मारेना. एरवी जिची जीभ जात्यासारखी चालायची, ती आता अर्ध्या ताटावरून उठायची. आम्हाला वाटलं, म्हातारी आजारी आहे.

एका सकाळी सासऱ्यानं पीक मोडायला ट्रॅक्टर आणला. सून कुदळ घेऊन आधीच रानात. तिनं एक पिवळं झाड उपटलं. मुळं नुसती दोऱ्यासारखी, एकही गाठ नाही. मग बांधाकडचं उपटलं. त्या सहा ओळी हिरव्यागार होत्या. मुळांवर गाठीच गाठी. एक नखानं फोडली, आतून गुलाबी, म्हणजे जिवाणू जिवंत. दोन्ही झाडं तिनं सासऱ्यापुढं धरली. त्यानं नीट बघितलंही नाही. लाज राखायला तेवढ्यालाच खत घातलंस, म्हणाला, आणि ड्रायव्हरला हात केला.

"ट्रॅक्टर बंद कर," बांधावर बसलेली सासू म्हणाली. "राख मी चोळली."

कुणालाच काही कळेना. तिनंच सांगितलं. सून टोपली घेऊन गेल्यावर उरलेलं बियाणं तिनं चाचपलं, तर ओलसर लागलं. चुलीतली दोन घमेली राख आणून तिनं ते खसाखसा चोळून काढलं. जन्मभर कीड लागू नये म्हणून चोळत आली तसंच. काळपट पुडीत राख कुणाला ओळखू आली नाही. पुढं गेलेली टोपली तेवढी वाचली.

"राख नको, त्यानं जिवाणू मरतात, हे मी कागदावर लिहून भिंतीला लावलं होतं," सून म्हणाली.

"मला कुठं वाचता येतं? पण तू सांगितलंही होतंस. ओलसर लागलं म्हणून चोळली, का तुझी खोड मोडायची म्हणून, ते माझं मलाच सांगता येत नाही."

सासऱ्याचा राग आता बायकोवर फिरला. चार लोकांत त्यानं तिला नको नको ते सुनावलं. हिला रानात पाय ठेवू देऊ नका, म्हणाला. सून कुदळ घेऊन दोघांच्या मध्ये उभी राहिली.

"मामंजी, त्यांना तुम्ही बोलायचं नाही. भांडण आमचं आहे." मग सासूकडं वळली. "आणि आत्याबाई, मी तुम्हाला माफ केलेलं नाही."

"मागितलीय कुणी?"

ट्रॅक्टर आला तसा परत गेला.

दुसऱ्या दिवशी सून पिवळ्या झाडांना घालायला युरियाचं घमेलं घेऊन पोचली, तर सासू पिवळ्या ओळींत पाठ करून खुरपत बसलेली. सून दुसऱ्या टोकाकडून खत घालत निघाली. रान वाचलं, हरभरा मात्र निम्माच झाला. पण ते पुढचं. त्या दिवशी ऊन डोक्यावर आलं तेव्हा दोघी एकाच ओळीत समोरासमोर आल्या. एकही बाजूला सरेना. शेवटी सासूनं खुरपं कमरेला खोचलं आणि घमेल्यात हात घातला. झाडाला किती घालायचं, ते सुनेनं बोटाच्या पेरावर दाखवलं.

तेवढंच घातलं म्हातारीनं. मोजून.