पेनांगला असताना

त्या दुष्काळात उदगीरमध्ये एकच धंदा जोरात होता, बोअरचा. शंकरप्पा चवळेंचं पाइप आणि पाण्यातल्या मोटारींचं दुकान होतं. पाणी जितकं खाली जाईल तितका पाइप जास्त लागायचा, आणि पाणी रोज खाली चाललं होतं. चौकात ‘उदगीर जिल्हा झालाच पाहिजे’ असे फलक लागले होते. जिल्हा झाला की सगळ्या तालुक्यांची एजन्सी आपल्याकडं यावी, हे शंकरप्पानं मनाशी धरलं होतं. मार्चअखेर कंपनीचं टार्गेट पुरं झालं आणि कंपनीनं आपल्या डीलरांना बायकांसकट मलेशियातल्या पेनांग बेटावर न्यायचं ठरवलं.

शिवगंगा, शंकरप्पाची बायको, जायला तयार नव्हती. सासरे संगप्पा अंथरुणाला खिळले होते. घरची बोअर आटली होती. पण मुखेडहून तिची थोरली बहीण नीलम्मा येऊन दाखल झाली. आई लवकर गेल्यावर शिवगंगाला तिनंच वाढवलं होतं. नवरा गेल्यापासून ती जावेच्या घरात राहायची.

“जा गं गंगा,” ती म्हणाली. “मी हाय की. म्हाताऱ्याला काय, दोन वेळ भाकरी नि गोळ्या.”

“पाण्याचं, अक्का?”

“शेषेरावचा विकतचा टँकर दिवसाआड येतोय,” शंकरप्पा मधेच बोलला. “सांगून ठेवतो त्याला.”

शिवगंगानं धपाटे केले, कारळाची चटणी बांधून घेतली आणि ती आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसली.

पेनांगला उतरल्यावर तिला आधी दिसली ती हिरवळ. डोंगर हिरवा, रस्त्याची कड हिरवी, भिंतींवरसुद्धा शेवाळ. हॉटेलच्या नळाला दिवसभर पाणी. पहिल्या दिवशी तिनं सवयीनं बादली भरून ठेवली, आणि स्वतःलाच हसली.

दुसऱ्या दिवशी त्यांना जुनं शहर दाखवायला नेलं. एका गल्लीत मशीद, पुढं चिन्यांचं धुरानं काळवंडलेलं देऊळ, त्याच्याजवळ मारिअम्मन देवीचं मंदिर. समुद्रात लाकडी खांब रोवून त्यांवर बांधलेली चिनी लोकांची घरंही पाहिली. फळीखाली पाणी हलत होतं आणि वर एक म्हातारी निवांत भाजी निवडत बसली होती. देवळाच्या दारात एक तमिळ बाई मोगऱ्याचे गजरे विकत होती. तिनं शिवगंगाला “अक्का” अशी हाक मारली. शिवगंगा चमकली. तिच्या घरी कानडी बोलत, त्यामुळं हा शब्द तिच्या कानाला घरचाच होता. ती कानडीत, फुलवाली तमिळमध्ये, अशा दोघी बराच वेळ बोलल्या. अर्धं कळलं, अर्धं हसण्यावारी गेलं.

तेवढ्यात शंकरप्पाचा फोन वाजला. दोघांत त्याच्या एकट्याच्याच फोनवरून परदेशात बोलता येत होतं. तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला, बोलला, तिथंच थोडा वेळ उभा राहिला. परत आला तेव्हा शिवगंगा शेजारच्या दुकानात एक मऊ, निळी, पानाफुलांची चादर उलगडून बघत होती.

“कुणाचा होता?”

“दुकानातला पोरगा. माल आलाय.”

“ही अक्काला घेऊ का? आवडंल का तिला?”

शंकरप्पा चादरीकडं बघत राहिला. मग म्हणाला, “घे. दोन घे.”

त्यानंतर तो फारच मायेनं वागला. जेवताना तिला आधी वाढून दिलं, रस्ता ओलांडताना चारचौघांत तिचा हात धरला. लग्न झाल्यापासून त्यानं असं कधी केलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर तो तिला पाण्यात घेऊन गेला. लाट आली, साडी गुडघ्यापर्यंत भिजली, ती ओरडली आणि तोंड भरून हसली. कंपनीच्या माणसानं दोघांचा फोटो काढला. संध्याकाळी शंकरप्पाला सगळ्यात जास्त विक्रीचं बक्षीस मिळालं. शिवगंगानं स्टेजवर त्याच्याशेजारी उभं राहून टाळ्या घेतल्या.

परतताना हैदराबादहून गाडी केली होती. बिदर सोडल्यावर शंकरप्पानं एका टपरीपाशी गाडी थांबवली. चहा घेतला आणि कपाकडं बघत बोलला.

“शिवगंगा, अक्का गेली.”

“कुठं गेली?”

“लिंगैक्य झाली. ऊन लागलं तिला.”

शिवगंगानं चहा बाकावर ठेवला. “कधी?”

त्यानं कप टपरीवाल्याला परत दिला.

“कधी म्हणून विचारलं मी.”

“आपण तिकडं होतो तवा. त्या देवळापाशी फोन आला होता.”

तिला चादर आठवली. ‘दोन घे’ हे शब्द आठवले.

“तिकीट बदलून मिळत नव्हतं,” तो घाईनं सांगू लागला. “मिळालं असतं तरी मातीला पोचलो नसतो. उन्हाळ्यात किती थांबणार लोक? तुला सांगून काय झालं असतं? तुझे तिकडचे दिवस बिघडले असते.”

“बिघडू द्यायचे होते,” शिवगंगा म्हणाली. “माझी बहीण होती.”

 उदगीरला गाडी दुकानापाशी आली तेव्हा वर नवा फ्लेक्स लावलेला दिसला. ‘हार्दिक अभिनंदन’, आणि खाली शंकरप्पा नि ती, मागं समुद्र. साडी भिजलेली, तोंड भरून हसू.

“हे इथं कसं आलं?”

“सगळे आपापल्या स्टेटसला टाकत होते,” शंकरप्पा खाली बघून म्हणाला. “मी पण टाकला त्या दिवशी. पोरांनी छापला असंल.”

फोन आला त्याच्या दुसऱ्या सकाळचा तो फोटो, आणि त्याच सकाळी इकडं अक्काला माती दिली असणार, हा हिशेब तिच्या ध्यानात आला.

घराची किल्ली शेजारच्या पंचशीलाबाईंकडं होती. त्या शाळेत शिक्षिका होत्या, आणि दोघींचा रोजचा घरोबा होता. आज त्यांनी उंबऱ्यातूनच किल्ली पुढं केली.

“संगप्पाकाकांना गोळ्या दिल्यात,” एवढंच म्हणाल्या.

“बाई, अक्काला काय झालं? मला सांगा.”

“नगरपालिकेच्या टँकरपाशी भर दुपारी उभी होती. घागर घेऊनच पडली. रिक्षात घालून नेलं मी, पण उपयोग झाला नाही.”

“पालिकेच्या टँकरवर कशाला? शेषेरावचा यायचा होता की.”

पंचशीलाबाईंनी तिच्याकडं नीट पाहिलं. “तुमच्या मालकांनी बंद केला होता ना? घरात दोघंच आहेत, आल्यावर बघू म्हणून. शेषेरावच बोलला, तिला मुखेडला नेत होते तेव्हा.”

शिवगंगा मागं वळली. शंकरप्पा गाडीतून बॅगा काढत होता.

“मला आज कळलं, बाई. बिदरच्या पुढं,” ती म्हणाली.

“मी तर त्याच दुपारी फोन केला होता त्यांना,” पंचशीलाबाई म्हणाल्या. त्या उंबऱ्याबाहेर आल्या.

दुसऱ्या दिवशी दोघं मुखेडला नीलम्माच्या सासरी गेले. ओसरीवर माणसं बसली होती. नीलम्माची जाऊ मल्लम्मा उठली नाही. तिनं शंकरप्पालाच विचारलं, “लई उशीर केला, दाजी?”

“फोनच लागत नव्हता तिकडं,” शंकरप्पा म्हणाला. “काल कळलं आम्हाला.”

शिवगंगानं पदर सावरला. आजवर चारचौघांत तिनं नवऱ्याचं बोलणं खोडलं नव्हतं.

“फोन लागला होता,” ती म्हणाली. “त्याच दुपारी. यांना कळलं होतं. मला सांगितलं न्हाई. टँकर पण यांनीच बंद केला होता.”

 शंकरप्पा उठला, चपला घालून बाहेर गेला.

मल्लम्मानं त्याच्या पाठीकडं पाहिलं. मग म्हणाली, “खरं असंल तुमचं. पण बाई, नीलम्माला पुरून आलो, अंघोळी व्हायच्या होत्या, तवा पोरांनी फोनवर दाखवला तुमचा फोटो. ते आता डोळ्यांपुढनं कसं जाईल?”

 फोटोतलं हसू खोटं नव्हतं. तसं ती किती वर्षांत हसली नव्हती.

कुणी थांब म्हणालं नाही. ती उठली, अक्काच्या खोलीच्या बंद दाराला हात लावून बाहेर पडली. शंकरप्पानं गाडीचं दार उघडून धरलं होतं. ती त्याच्याजवळून सरळ स्टँडकडं चालू लागली. तिथं बायकांच्या घोळक्यात उन्हात उभी राहिली. उदगीरची एसटी आली तेव्हा रेटारेटीत वर चढली. बसायला जागा मिळाली नाही.

वाटेतलं जांब गाव मागं पडलं तरी शंकरप्पाची गाडी एसटीच्या मागंच होती. मागच्या काचेतून ती दिसत होती. शिवगंगानं दांडी घट्ट धरली आणि तोंड पुढं वळवलं. घरी संगप्पांची गोळ्यांची वेळ होत आली होती.