सडकेला नाव कोणाचं

आमच्या गावात बाजारापासून वैनगंगेच्या घाटापर्यंत जी सडक जाते तिला नाव नाही. बाकी सगळ्या सडकांना आहे. हिच्या तोंडाशी दोन लोखंडी खांब तेवढे उभे आहेत. नवा माणूस विचारतो, पाटी चोरीला गेली का? मी म्हणते, नाही बाबा, ती कधी लागलीच नाही. गावातले जुने लोक मात्र खांबांकडे न बघता पुढे निघून जातात.

सडक त्र्याहत्तर सालच्या दुष्काळी कामातून झाली. त्याच वर्षी ग्रामपंचायतीनं ठरवलं की, गावातल्या होऊन गेलेल्या मान्यवर माणसांची नावं सडकांना द्यायची. लहानसहान सडकांचं पटापट उरकलं. ही सडक मोठी, कोष्टीपुऱ्याच्या मधून जाणारी, त्यामुळे हिच्यावर सगळ्यांचा डोळा. माझे सासरे गोपाळराव, त्यांना आम्ही मामाजी म्हणतो, तेव्हा विणकर सोसायटीचे अध्यक्ष होते. त्यांनी आपल्या वडिलांचं, वासुदेवरावांचं नाव पुढे केलं. आजेसासऱ्यांना मी पाहिलेलं नाही. फोटोत त्यांचं पागोटं भारी दिसतं, एवढंच मी त्यांच्याबद्दल खात्रीनं सांगू शकते.

कोणी विरोध करणार नव्हतं. पण ग्रामसभेत घरातलंच माणूस उठलं. मामाजींचे धाकटे भाऊ तुलाराम. ते म्हणाले, सडकेला रुखमा सुईणीचं नाव द्या. रुखमा तेव्हा जाऊन दोनेक वर्षं झाली होती, आणि गावातली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मलेली. तरी लोक हसायला लागले. बाईचं नाव, तेही सुईणीचं, आणि एवढ्या मोठ्या सडकेला! तुलारामजी हसले नाहीत. भरल्या सभेत ते मोठ्या भावाला म्हणाले, "बाबानं गावासाठी काय केलं ते सांग ना, दादा. रुखमानं तुयी न मायी नाळ कापली." आता लोक मामाजींना हसले. मामाजी उभे राहिले आणि म्हणाले, "मी मेलो तरी मायाजवळ येऊ नको. मायी माती तुया खांद्यावर नाई जानार."

मी तेव्हा या घरात नवी होते. त्या सभेनंतर महिन्याभरात तुलारामजी बायकोला, निर्मलाबाईंना घेऊन सिहोऱ्याला गेले, तिच्या माहेरची धानाची शेती करायला. दोघा भावांनी पुन्हा एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. सडकेचा विषय काढला की भांडण उकरलं जाईल म्हणून पंचायतीनं तो बासनात गुंडाळून ठेवला. मामाजी मात्र संध्याकाळी घाटाकडे फिरायला जाताना त्या सडकेवरून असे चालायचे, जणू ती आमच्या अंगणातूनच काढलेली आहे. आतून त्यांना आता वडिलांपेक्षा स्वतःचंच नाव हवं होतं. अडचण एकच, त्यासाठी आधी मरावं लागत होतं.

एक्याऐंशी सालच्या मार्गशीर्षात, एका सकाळी मामाजी अंगणात उन्हाला बसून दाढी करत होते. कुठूनसा कावळा आला, त्यांच्या डोक्यावर पाय टेकवले आणि उडून गेला. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाई सुलोचनाबाईंनी, ते पाहिलं आणि त्या हातातलं काम टाकून धावत आल्या. आमच्याकडे डोक्याला कावळा शिवला म्हणजे मरण दारात आलं. मामाजी सोसायटीच्या सभांतून अंधश्रद्धेवर तासभर बोलत. त्यांच्या तोंडावर अर्धा साबण तसाच होता, आणि उरलेला अर्धा चेहरा साबणाहून पांढरा पडला होता.

यावर उपाय ठरलेला आहे. जवळच्या रक्ताच्या माणसाला खोटा निरोप पाठवायचा की अमुक माणूस वारला. ते माणूस मनापासून रडलं, डोळ्यातून पाणी आलं, की त्या पाण्यासोबत मरण वाहून जातं. मग लगेच खरं सांगायचं, तोंडात गूळ घालायचा आणि सगळ्यांनी मिळून हसायचं. पण पाणी येण्याआधी खरं सांगितलं तर उपाय वाया गेला.

प्रश्न आला, रडवायचं कोणाला? नणंद चंद्रकला दोन जिवाची होती, तिला असला धक्का कोण देईल? माझे यजमान पातळं विकायला नागपूरला गेलेले. राहता राहिलं एकच रक्त. आत्याबाईंनी नाव घेतलं तेव्हा मामाजी म्हणाले, "तो कायले रडते? हासन तो." पण नको म्हणाले नाहीत. भाऊ रडला तर आपण वाचणार, नाही रडला तर गेलो, असं त्यांच्या मनानं धरलं होतं आणि ते तोंडावर दिसत होतं. मला सासऱ्यांचा राग आला. आठ वर्षं ज्याची आठवण काढली नाही, त्याच्याकडून आता आसवं हवी होती.

आमच्या मागावर बसणारा नंदलाल विणकर भरवशाचा माणूस. आत्याबाईंनी त्याच्या खिशात गुळाचा खडा टाकला आणि बजावलं, "वाटेत कोनाले खरं सांगू नको. आन् तुलारामच्या डोळ्यात पानी दिसल्याबिगर त्यालेबी सांगू नको." नंदलालनं मान हलवली. तो सांगितलेलं काम सांगितल्याप्रमाणे करणारा होता.

एस्टी स्टँडवर टेकचंदचं चहाचं दुकान आहे. टेकचंद ग्रामपंचायतीचा मेंबर. सकाळी सकाळी माग सोडून कुठे चालला, म्हणून त्यानं नंदलालला विचारलं. नंदलालला खरं सांगायची बंदी. तो म्हणाला, गोपाळराव गेले, सिहोऱ्याला सांगायला चाललो. आणि त्या वाटेवरच्या तुमसरच्या गाडीत चढून बसला.

तासाभरात आमचं अंगण भरलं. बाजारातली दुकानं बंद झाली, कोष्टीपुऱ्यातला एकही माग वाजेना. आम्ही दोघी सासूसुना वेड्या व्हायच्या बाकी राहिलो. लोकांना खरं सांगावं तर उपाय बिघडतो, कारण सिहोऱ्याला रडणं अजून व्हायचं होतं. आत्याबाई तोंडावर पदर घेऊन भिंतीला टेकल्या आणि हो की नाही, एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांना खरोखरच कापरं भरलं होतं, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. मुलगा येईपर्यंत आत कोणी जायचं नाही, एवढं मी सांगितलं. मामाजी मागाच्या खोलीत, मागाच्या खड्ड्यात पाय सोडून, अर्ध्या दाढीनं बसून होते. मधे एक कुडाची भिंत. बाहेरचं बोलणं आत जसंच्या तसं ऐकू जात होतं.

सरपंच कृष्णराव आले. गोपाळरावांसारखा माणूस पुन्हा होणे नाही, वगैरे जे बोलायचं ते बोलले. मग म्हणाले की पंचायतीची तातडीची बैठक होऊन ठराव झाला आहे: बाजार ते घाट या सडकेला कैलासवासी गोपाळराव मार्ग असं नाव. अंत्ययात्रा त्याच सडकेनं जाईल, त्याआधी पाटी लागली पाहिजे म्हणून पेंटरला बसवलंसुद्धा आहे, आणि खांब गाडायला माणसं गेली आहेत. मी चकित झाले. आठ वर्षं जे गाडं हललं नाही ते एका सकाळीत घाटापर्यंत पोचलं.

मी पाण्याचा तांब्या घेऊन आत गेले. मला वाटलं, मामाजी कपाळाला हात लावून बसले असतील. ते बसले होते मिशीवर हात फिरवत. हळूच म्हणाले, "आयकलं का, विमला? पाटी केवढी हाये म्हन्ते?" मला इतका धक्का बसला की तांब्या ठेवायचं मी विसरले. सकाळपासून मरणाच्या भीतीनं हा माणूस अर्धा झाला होता, आणि आता पाटीची लांबीरुंदी विचारत होता. मी म्हटलं, मामाजी, बाहेर एवढी माणसं जमली आहेत, पण कोणाच्या डोळ्यात पाणी नाही, ते दिसलं का तुम्हाला? ते म्हणाले, लोक आतल्या आत रडतात. मी बाहेर आले आणि आत्याबाईंशेजारी बसले.

उन्हं कलली तेव्हा नंदलाल परत आला. गर्दीतून वाट काढत तो सरळ मागाच्या खोलीकडे गेला, म्हणून मीही मागोमाग गेले. तो मामाजींच्या समोर उभा राहिला. मुठीत गुळाचा खडा होता, घामानं चिकट झालेला. मामाजींनी विचारलं, "रडला का?"

नंदलालनं नाही म्हणून मान हलवली. मग त्यानं जे सांगितलं ते मी अजून विसरू शकत नाही. तुलारामजी खळ्यावर धान चुरत, म्हणजे मळणी करत होते. निरोप ऐकून ते उभेच राहिले. ओरडले नाहीत, रडले नाहीत, डोळे कोरडे. नंदलाल त्यांच्या डोळ्यांकडे टक लावून बघत राहिला, कारण पाणी आल्याशिवाय खरं सांगायचं नव्हतं. ते घरात गेले, धुतलेला सदरा घातला, बायकोला म्हणाले, तू मागून ये, मी पुढे होतो. दादानं येऊ नको म्हटलं होतं, पण त्याला खांदा मलाच द्यायचा आहे. आणि स्टँडकडे झपाझप चालायला लागले. नंदलाल सोबत, अधूनमधून त्यांच्या तोंडाकडे बघत. वाटेत ते एवढंच बोलले, "सरपंचाले सांगतो, सडकेले दादाचंच नाव द्या. म्याच आडवून ठेवलं होतं." मग धानाच्या बांधावर ते बसले. छातीवर हात ठेवला. नंदलाल घाबरून ओरडला की जित्ते हायेत, गोपाळराव जित्ते हायेत. पण तोपर्यंत ऐकणारं कोणी उरलं नव्हतं. वावरातले लोक धावत आले, त्यांनी तुलारामजींना उचलून घरी नेलं. नंदलालला कोणाला काही सांगायची हिंमत झाली नाही. तो तसाच पळत गाडीला आला.

मामाजी मागाच्या खड्ड्यातून उठले. मला वाटलं पडतील, म्हणून मी हात पुढे केला, तो त्यांना दिसलाही नाही. ते सरळ दार उघडून अंगणात आले. अर्धी दाढी, अंगात बंडी, पायात काही नाही. ज्या माणसाच्या मातीला जमले होते तो माणूस लोकांच्या मधून चालत निघाला. बायका किंचाळल्या, दोघीतिघी जागीच बेशुद्ध पडल्या. टेकचंद भिंतीला असा चिकटला की त्याला ओढून काढावा लागला. कृष्णराव हात जोडून उभे होते, का ते त्यांनाही माहीत नसावं. मामाजी त्यांना म्हणाले, "जीप काढा. सिहोऱ्याले जाचं हाये." कृष्णरावांनी एक प्रश्न न विचारता जीप काढली.

आम्ही घरचे आणि नंदलाल जीपमध्ये बसलो. बाजाराच्या तोंडाशी खांब उभे झाले होते आणि पेंटर पाटी आणत होता. ओल्या पांढऱ्या रंगावर मोठ्या निळ्या अक्षरांत मामाजींचं नाव. मामाजींनी जीप थांबवली. त्यांनी पाटी वाचली, पूर्ण वाचली, मग पेंटरच्या खांद्यावरचं फडकं ओढून ओल्या रंगावर फिरवलं. सगळं निळं झालं. पेंटर भुताकडे बघावं तसा बघत उभा होता. कृष्णराव म्हणाले, गोपाळराव, ठराव झाला आहे. मामाजी जीपमध्ये येऊन बसले आणि जीप सिहोऱ्याकडे निघाली.

दिवेलागणीला पोचलो. अंगणात पुंजण्याशेजारी, म्हणजे कापलेल्या धानाच्या ढिगाशेजारी तुलारामजींना निजवलं होतं, अंगात तोच धुतलेला सदरा, भावाच्या मातीला जायला घातलेला. निर्मलाबाई उशाशी बसल्या होत्या. मामाजी समोर गेले तेव्हा जमलेली माणसं मागे सरली, कोणीतरी रामाचं नाव घेतलं. निर्मलाबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी मामाजींच्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे पाहिलं.

मामाजी खाली बसले. त्यांना हुंदके आवरेनात. माझ्या सासऱ्यांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि मला त्यांची दया आली नाही, खोटं कशाला बोलू. रडत रडत त्यांनी सगळं सांगितलं. कावळा शिवला होता. रक्ताच्या माणसाचे डोळे ओले व्हायला हवे होते. मग लगेच खरं सांगणार होतो, गूळसुद्धा पाठवला होता.

निर्मलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. नवऱ्याच्या सदऱ्याची एक गुंडी लावायची राहिली होती, ती त्यांनी लावली. मग त्या सदऱ्यावरचा हात न उचलता मामाजींकडे वळून, जशी घरातली एखादी साधी गोष्ट विचारावी तसं त्यांनी विचारलं, "तुमी जित्ते हा, हे आता यायले कोन सांगन, भाऊजी?"