खालच्या खोलीतला प्रिंटर

उदगीरच्या सिद्रामप्पांनी तुरीच्या आडतीतून अंग काढून घेतलं त्याला सहा वर्षं झाली होती, पण रिकामं बसणं त्यांना जमलं नाही. मठाचं टायपिंग त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. सूचना, पत्रिका, श्रावणी सोमवारी म्हणायच्या वचनांची पानं, सगळं ते वरच्या खोलीत लॅपटॉपवर टाइप करत. छपाई मात्र खाली बैठकीत व्हायची, तिथल्या जुन्या कॉम्प्युटरला जोडलेल्या प्रिंटरवर. ही जोडणी त्यांची लेक अंबिका हिनं दिवाळीत करून दिली होती. ती नांदेडला एका कॉलेजच्या कार्यालयात नोकरीला. काही अडलं की अप्पांचा फोन यायचा आणि ती आपल्या टेबलावर बसूनच त्यांचा लॅपटॉप उघडून बघायची.

त्या सोमवारी अकराला फोन आला.

"अंबी, लॅपटॉप म्हणून राहिलाय प्रिंटरच न्हाई. पंचवीस पानं कवाची सोडलीत, एक बाहेर येईना. अव्वा तुझी मठात जाऊन बसली, आन् पानं घेऊन मला जायचंय."

"काय लिहिलंय समोर? वाचा बरं."

"'प्रिंटरशी संपर्क होत नाही. परवानगी तपासा.'" अप्पांनी खणखणीत वाचलं. तीस वर्षं सौद्यात भाव पुकारलेला आवाज तो.

अंबिकानं लॅपटॉप ताब्यात घेतला. पंचवीस पानं रांगेत अडकून पडली होती. कारण तिच्या लगेच ध्यानात आलं. मागच्या आठवड्यात घरी नवा राऊटर बसला होता. त्यामुळं खालच्या कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा आकडी पत्ता बदलला आणि लॅपटॉप अजून जुन्याच पत्त्यावर हाका मारत होता. दिवाळीत तो पत्ता कायमचा बांधून टाकायचं तिच्या मनात होतं. बघू पुढं, म्हणून तिनं सोडून दिलं होतं. आताही राऊटरमध्ये शिरून नवा पत्ता तिला काढता आला असता, पण नवा पासवर्ड शोधत बसायचा तिला कंटाळा आला. एक चाचणीचं पान सोडून बघितलं, तेही रांगेत जाऊन बसलं. पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळात अकरा वाजून बारा मिनिटं झाली होती.

"अप्पा, खाली जाता का? तिथल्या कॉम्प्युटरवर चार आकडे बघायचेत."

"त्यात काय. हे चाललो बघ."

"जिना सांभाळून."

"लहान हाय का मी?" ते हसले. चपलांचा आवाज पायऱ्यांवरून खाली गेला.

खाली तिनं एकेक अक्षर सांगून त्यांच्याकडून आज्ञा टाइप करून घेतली. यात त्यांना बराच वेळ लागला. दोनदा चुकले. अंबिकासमोर दाखल्यासाठी दोन मुलं उभी होती, तिची चुळबुळ सुरू झाली.

"आकडे आले? शेवटचा तेवढा सांगा."

"एकाहत्तर."

तिनं एकाहत्तर टाकला. नाही लागला.

"परत बघा अप्पा."

"सतरा."

"एकाहत्तर का सतरा?"

"सांगितलं की. चिंच."

"काय?"

"चिंचेच्या म्होरं... सात."

"चष्मा लावलाय ना?"

"लावला. ते... घड्याळ लावलं."

अंबिकाला वाटलं, चेष्टा करून राहिलेत. तिनं कपाळाला आठी घालून सात टाकला आणि काय, जोडणी लागली! अडकलेली रांग हलली.

"लागलं अप्पा! चालू झालं!"

फोनमधून प्रिंटरनं कागद ओढल्याचा आवाज आला. एक पान, दुसरं पान.

"अप्पा?"

तिसरं पान.

"अप्पा, बघा ना, नीट येतायत का?"

दोन पानांच्या मधल्या फटीत तिला काहीतरी ऐकू आलं. तोंडात घास असताना कुणी बोलू पाहावं तसं. मग काहीतरी पडलं, भांडं असावं. लगेच पुढचं पान खरखरत आलं आणि त्याखाली सगळं बुडून गेलं.

अंबिकाला एकदम आठवलं. दोन वर्षांमागं याच कार्यालयात सटवाजी नावाच्या शिपायानं चहा मागताना 'शिक्का द्या' म्हटलं होतं. पुन्हा पुन्हा शिक्काच म्हणत होता. सगळे हसले, अंबिकाही हसली. संध्याकाळपर्यंत सटवाजीची उजवी बाजू गेली होती.

चिंच. घड्याळ. आणि अप्पांना जिन्यावरून खाली तिनंच पाठवलं होतं.

प्रिंटर चालूच होता. त्या खरखरीत अप्पांचा श्वासही ऐकू येईना. तिनं रांग उघडली, घाईत माऊस भलतीकडेच गेला. सगळी छपाई रद्द करायची का, असं लॅपटॉपनं विचारलं. हो. हो! आत घेतलेली दोन पानं तरीही बाहेर पडली, मग प्रिंटर थांबला.

आता ऐकू आलं. जड, ओला श्वास. "हं... हं..."

"ऋतुजा, तुझा फोन दे!" शेजारच्या टेबलावरची ऋतुजा दचकली. "काय झालं ताई?"

"दे आधी."

अप्पांचा फोन तिनं कानापासून हलवला नाही. ऋतुजाच्या फोनवरून आईला लावला. घंटी वाजली, आणि तीच घंटी अप्पांच्या फोनमधून तिच्या दुसऱ्या कानात वाजली. अव्वा फोन घरीच ठेवून मठात गेली होती. घरात अप्पा एकटे, आणि त्यांच्या शेजारी कुठंतरी तो फोन वाजत होता.

शेजारच्या शिवगंगावहिनींचा नंबर तिच्या स्वतःच्या फोनमध्ये होता. चालू फोन न तोडता तो शोधायचा होता. चुकून लाल बटणाला बोट लागलं तर? तिनं श्वास रोखून एकेक नाव वर सरकवलं आणि ऋतुजाला आकडे सांगितले.

"हाव, बोल गं अंबिका," वहिनी म्हणाल्या.

"वहिनी, आमच्या बैठकीत जा. अप्पांचं बोलणं जाऊन राहिलंय."

"अगं, सकाळी तर माझ्याशी..."

"जा वहिनी!"

पळण्याचा आवाज. मग दार वाजवल्याचा आवाज तिला दोन्ही फोनमधून आला. "आतून कडी हाय गं! आन् आमचे हे तर देगलूरला गेलेत." पावलं मागं फिरली. "गच्चीवरून जाते मी. कठड्यावरून."

"जमेल?"

वहिनी निघाल्यासुद्धा. पंचेचाळिशीची, गुडघे धरलेली बाई. फोन बंद झाला.

अंबिकाला अप्पांशी बोलत राहण्यावाचून काही करता येईना. "अप्पा, मी हाय. उठू नका बरं. वहिनी येऊन राहिल्यात." समोर उभी असलेली मुलं कधीच मागं सरली होती. ऋतुजा साहेबांच्या टेबलावरून अँब्युलन्सला पत्ता सांगत होती. मध्येच अप्पांचा श्वास ऐकू येईनासा झाला. अंबिकानं डोळे मिटले आणि आकडे मोजायला लागली. अकरापर्यंत गेली तेव्हा तो पुन्हा आला.

मग जिन्यावर पावलं वाजली. "मामा! ओ मामा! यव्वा, तोंड बघा कसं झालंय..." वहिनींनी फोन उचलला. त्या धापा टाकत होत्या. "उजवा हात धरून ठेवला तरी खाली पडतोय, अंबिका. पाणी पाजू का?"

"नका, पाणी नका. काहीच देऊ नका. कुशीवर करा आणि दाराची कडी काढा, गाडी येतीये."

बारा वाजायच्या आत अंबिका बसमध्ये होती. लोहा आलं तेव्हा अनोळखी नंबरवरून फोन आला. बाईंचा आवाज होता, घाईतला.

"मी डॉक्टर बोलतेय. तुमचे वडील शेवटचे नीट कधी बोलले? नक्की वेळ पाहिजे, अंदाज नको."

"अकरा वाजून बारा मिनिटं," अंबिका म्हणाली. "तेव्हा मी चाचणीचं पान सोडलं, आणि त्यानंतरच ते जिना उतरले. उतरताना हसले माझ्याशी."

"मग वेळ आहे. सीटी झालाय, मेंदूत गुठळी आहे. ती विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत देता येतं. पण त्यानं रक्तस्रावही होऊ शकतो, तेही सांगते. तुमच्या आईला विचारलं, त्या म्हणतात अंबीला विचारा."

बस गतिरोधकावरून उडाली. खिडकीबाहेर सोयाबीन हिरवंगार उभं होतं आणि शेजारची बाई मोसंबी सोलत होती.

"द्या," ती म्हणाली.

फोन ठेवला आणि तेव्हा खरी भीती आली. इतका वेळ करायला काहीतरी होतं, आता काहीच नव्हतं. आपल्या एका शब्दानं ते जातील, हा विचार जाईना. अहमदपूरला रेंज गेली. शिरूर ताजबंदला परत आली, आणि फोन खिशात थरथरला तेव्हा तिला तो काढवेना. शेवटी बघितलं तर ऋतुजा होती. 'पोचलात का ताई?'

उदगीरच्या दवाखान्यात अतिदक्षता विभागाच्या दाराशी तिची अव्वा, गंगम्मा, बसल्या होत्या, कपाळावरची विभूती घामानं ओघळलेली. शिवगंगावहिनी शेजारी होत्या, कोपर खरचटून सालटं निघालेलं.

"काय म्हणून राहिलेत मला कळंना," गंगम्मा म्हणाल्या. "तू जा आत."

अप्पांचे डोळे उघडे होते. तिला पाहून त्यांनी उजवा हात उचलू पाहिला. हात उचलला गेला नाही, पण दोन बोटं चादरीवरून वर आली. ओठ हलले. बरीच खटपट करून एक शब्द निघाला.

"कात्री."

अंबिकानं ती दोन बोटं धरली. ती ऊबदार होती. "हाव अप्पा," ती म्हणाली. "कात्री."

बारा दिवसांनी ते घरी आले. काठी घेऊन चालतात. उजव्या हातानं चमचा धरतात. शब्दांची मात्र अदलाबदल होते, मिठाला सदरा म्हणतात आणि स्वतःवरच चिडतात. डॉक्टर म्हणतात, पुष्कळ शब्द परत येतील, सगळे येतीलच असं नाही.

अंबिका रोज सकाळी कामावर जायच्या आधी फोन करते आणि पेपरातली पहिली ओळ त्यांच्याकडून वाचून घेते. ती ओळ संपेपर्यंत तिला खाली बसवत नाही. कधी कधी ते मध्येच थांबतात.

"अप्पा?"

कान दुखेपर्यंत ती फोन दाबून धरते.

"थांब की," पलीकडून आवाज येतो. "शोधून राहिलो."