जैतुनबीच्या वाटणीचं काम

“माझ्या घमेल्यात कशाला टाकायलीस गं?” जैतुनबीनं विचारलं.

“गप बस. मालक बघंल,” म्हणत वच्छलाबाईनं आणखी मूठभर चकत्या तिच्या घमेल्यात लोटल्या.

मुकुंदवाडी स्टेशनामागच्या काकासाहेबांच्या शेडमध्ये या दोघी रबरी चकत्यांच्या कडा छाटत. जैतुनबीची नजर अधू झाल्यापासून तिच्या वाटणीचं निम्मं काम वच्छलाबाईच उरकायची. पगार बेताचाच, त्यामुळे कोण किती करतं याच्या कुणी खोलात जात नव्हतं. मग सरकारनं किमान वेतन वाढवलं आणि दोघी हरखून गेल्या. पण काकासाहेब सरळमार्गी माणूस. कमी पैसे हातावर ठेवून पुऱ्या रकमेवर अंगठा घेणं त्यांच्या जिवावर येई.

“नवा पगार देणार म्हंजी देणार,” ते म्हणाले, “पण माल घेणारी कंपनी मला छदाम वाढवून देत नाय. दोघी झेपायच्या नायत. आठवडाभर काम बघतो, मग एकीला कामावरनं कमी करावं लागंल.”

वच्छलाबाईला वाटलं, दोन्ही घमेली सारखी भरली तर मालक निवडणार कुणाला? ठेवील दोघींना. बिचारी! मालकाला निवड जड नव्हती, दोन पगार जड होते. त्यात मायेच्या भरात जैतुनबीचं घमेलं जरा जास्तच भरत गेलं.

शनिवारी काकासाहेब खाली मान घालून म्हणाले, “वच्छलाबाई, सोमवारपासून नका येऊ.”

वच्छलाबाई आपलं घमेलं आवरू लागली. जैतुनबी मात्र उठली.

“साब, वो काम मेरा नै. मेरेकू कड दिखतीच नै. सब इनेच करी.”

काकासाहेबांनी कपाळ चोळलं. “मग तुमालाच कमी करावं लागंल,” ते कसंबसं म्हणाले.

फाटकाबाहेर वच्छलाबाई कडाडली, “कशाला बोललीस? माझं पोरगं रिक्षा चालवतं. तुला कोन हाय?”

“तुझ्या पोटावर पाय देऊ व्हय?” जैतुनबीनं पदर सारखा केला आणि भिंत चाचपत ती आपल्या गल्लीत वळली.

सोमवारपासून दोघींचं काम वच्छलाबाई एकटी करू लागली. हात काही जास्त दुखले नाहीत. इतकी वर्षं ती बरंचसं तेच तर करत होती. वाढीव पगार हाती पडला, तेव्हा शेजारणी तिला नशीबवान म्हणाल्या. तिला ते अगदी नकोसं झालं.

त्या संध्याकाळी जैतुनबीची गल्ली टाळून ती रुळाच्या कडेनं, लांबच्या वाटेनं घरी गेली.