लाइट कोणी खाली घेतला?

"डोळे चांगले आहेत तुमचे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि महिपतचा चेहरा उतरला.

दुसऱ्या कुणी हे ऐकून देवाला नारळ फोडला असता. महिपत यंत्रापुढच्या स्टुलावरून उठेना. उजव्या डोळ्यात तरी काहीतरी असेल, मोतीबिंदू म्हणा, झापड म्हणा, पुन्हा एकदा बघा, अशी त्याने गळ घातली. बाईंनी पुन्हा पाहिले. जवळचे वाचायला चष्मा लागेल, तो या वयात सगळ्यांनाच लागतो, पण लांबचे तुम्हाला माझ्यापेक्षा बरे दिसते, असे त्या हसून म्हणाल्या. बाजूच्या बाकावर हात प्लास्टरमध्ये घालून बसलेली जयवंताबाई, त्याची बायको, एवढे ऐकून उठली.

रस्त्यावर आल्यावर महिपत तिला म्हणाला, "डोये चांगले हायेत म्हंते. मंग माह्या डोस्क्यातच काई बिघडलं असन."

जयवंताबाईने पदर सावरला आणि बसस्टँडच्या दिशेने चालू लागली. आयुष्यभर आदिलाबादला नवऱ्याच्या जीपमधून आलेली बाई आता बसने परत जाणार होती.

महिपत तलमडुगु ते आदिलाबाद जीप चालवत असे, आणि ती चालवता चालवताच म्हातारा झाला होता. सकाळी शाळेचे मास्तर, बाजाराच्या दिवशी भाजीच्या टोपल्या आणि बाया, कधी अडलेली बाळंतीण. गाडी जुनी, बिऱ्हाड मोठे, पण महिपतच्या हातून कधी कोंबडीसुद्धा मेली नव्हती. हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे, त्यामुळे कुणाला विसरायची सोय नव्हती.

त्या रस्त्यावर नाल्याचा एक पूल आहे, एका वेळी एकच गाडी जाईल एवढा. त्या पुलाचा एक रिवाज आहे. तो कुठल्या पाटीवर लिहिलेला नाही आणि लायसन देताना कुणी विचारतही नाही. दिवेलागणीनंतर दोन्ही टोकांना गाड्या आल्या की ज्याने लाइट खाली घेतला, म्हणजे झोत समोरच्याच्या डोळ्यांवरून रस्त्यावर उतरवला, तो थांबला. 'ये बाबा, तू ये,' असा त्याचा अर्थ. वरचा लाइट ज्याने तसाच ठेवला, तो येणार. ट्रॅक्टरवाले, टेंपोवाले, बसचे ड्रायव्हर, सगळे हे पाळत. महिपतने किती अनोळखी माणसांच्या शब्दावर तो पूल ओलांडला असेल याला गणती नाही, आणि त्यातल्या एकानेही त्याला फसवले नव्हते.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी तो गिऱ्हाइके उतरवून घरी निघाला होता. जयवंताबाई बाजूच्या सीटवर बसून भाजीच्या पिशवीची गाठ मारत होती. पुलाच्या पलीकडे एक मोठी पांढरी गाडी आली. तिचा वरचा लाइट डोळ्यांत घुसला, आणि मग तो खाली गेला. महिपतने स्पष्ट पाहिले. त्याने जीप पुलावर घातली, आणि ती गाडीही सरळ पुढे आली. मधोमध पोचल्यावर त्याने ब्रेक दाबून जीप कठड्यावर घातली म्हणून निभावले. जयवंताबाईचा हात मात्र डॅशबोर्डवर आपटून मनगटात मोडला.

गाडीतून अनंतराव उतरले. हे आदिलाबादचे, तहसीलमधून रिटायर झालेले. त्यांनी जयवंताबाईला आपल्या गाडीत घालून दवाखान्यात नेले, प्लास्टर होईपर्यंत उभे राहिले, हात जोडून माफी मागितली. पण एका गोष्टीवर ते अडून बसले. आपण लाइट खाली घेतलाच नव्हता, वरचाच ठेवला होता, कारण आपण येणार होतो, असे त्यांनी शपथेवर सांगितले.

दुसरा कुणी असता तर महिपतने त्याला खोट्यात काढले असते. अनंतरावांना कसे काढणार? नोकरीत असताना जमिनीच्या पहाणीत, त्या सरकारी उताऱ्यात, सख्ख्या साडूचे नाव खोटे चढवायला ज्याने नकार दिला, आणि त्यापायी बायकोचे माहेर कायमचे तोडून घेतले, तो माणूस एका लाइटसाठी खोटे बोलेल? अनंतराव खरे, तर मग जे महिपतला दिसले ते घडलेच नव्हते. तो त्याच्या डोळ्यांचा दोष होता. आणि आज डोळेही निर्दोष सुटले.

त्याचा जीव थाऱ्यावर राहीना. मास्तर मंडळी बसने जाऊ लागली होती. भरवशाच्या म्हशीला टोणगा, असे त्यांच्यातला एक जण बोलल्याचे त्याच्या कानावर आले होते. मुलगा पंकज आदिलाबादला खताच्या दुकानात कामाला होता. जीप विकून टाका, तुम्ही आता आराम करा, असे तो प्रेमाने म्हणाला. रागाने म्हणाला असता तर महिपतला भांडता आले असते. मुधोळचा एक माणूस रविवारी जीप बघायला येणार असे पंकजने ठरवूनही टाकले.

संध्याकाळ झाली की महिपतला घरात बसवत नसे. तो उठून पुलाजवळच्या रेणुकाबाईच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसे आणि येणाऱ्या जाणाऱ्या गाड्यांचे लाइट बघत राही. वर, खाली, वर. प्रत्येक लाइट खाली गेला की तो रेणुकाबाईला विचारी, गेला ना खाली? ती हो म्हणे. मग तो पुढच्याची वाट बघे. खरे म्हणजे तो लाइटची नव्हे, स्वतःची परीक्षा घेत होता.

नव्या गाड्यांच्या लाइटांवर त्याची मते आधीपासूनच कडक होती, आता त्यांना धार आली. पूर्वी गाडीला डोळे होते, गोल, बैलाच्या डोळ्यांसारखे. त्यांच्याकडे पाहिले की समोरून कोण येतेय ते कळायचे. आता वर भुवयांसारखी पांढरी रेघ, आणि खरा दिवा खाली बंपरच्या खोबणीत दडवलेला. गाडी समोर आली की वाटते, ही सासरच्यांवर रुसून निघाली आहे. उजेड म्हणावा तर ऑपरेशनच्या खोलीतला. पिवळ्या उजेडात रस्ता दिसायचा, या पांढऱ्यात ज्याचा त्यालाच दिसतो, समोरच्याने डोळे मिटून रामनाम घ्यावे. अन् हे सगळे दिसायला झ्याक म्हणून! झ्याक दिसायचे असेल तर वरातीत घोडा आणावा, असे महिपतचे म्हणणे.

"तुमच्या जीपीचं तोंड तरी कोनतं लई देखनं हाये," रेणुकाबाई ग्लास विसळता विसळता म्हणाली. एरवी महिपतने तिला तासभर उत्तर दिले असते. त्या दिवशी त्याने चहा अर्धा ठेवला आणि पुन्हा रस्त्याकडे बघू लागला.

रविवारच्या आधी अनंतराव फळे घेऊन जयवंताबाईला बघायला आले. बसले, हाताची चौकशी केली, चहा घेतला. निघताना दारात घुटमळले. आपल्यालाही झोप लागत नाही, असे ते म्हणाले. हैदराबादला असलेल्या भार्गवने, त्यांच्या मुलाने, ही गाडी हौसेने घेऊन दिली. तेव्हापासून ती चालवताना आपण परक्याच्या घरी जेवायला बसलोय असे वाटते. "पण महिपतराव, माझा हात त्या लाइटच्या कांडीला लागला नव्हता. मी खूप आठवून पाहिलं."

"मी तुमाले खोटं म्हनतच नाई साहेब," महिपत म्हणाला. "मले एकडाव तुमच्या गाडीत बसवा. मांगून जीप घेऊन नाई येत, तुमच्या बाजूले बसतो. तुमाले काय दिसते थे पाहू द्या मले."

दिवस बुडता बुडता दोघे निघाले. दोन्ही बाजूंना वेचणी चाललेली कापसाची शेते होती, ती हळूहळू काळवंडली. अनंतरावांनी वरचा लाइट लावला. रस्त्याकडेची कडुलिंबाची झाडे बुंध्यापासून पार शेंड्यापर्यंत उजळली. महिपत सीटच्या टोकावर बसून काचेतून बघत होता. समोरून ट्रॅक्टर आला. झाडांचे शेंडे अंधारात गेले, उजेड फक्त रस्त्यावर राहिला. ट्रॅक्टर गेला, शेंडे पुन्हा उजळले.

"लाइट खाली घेतला तुमी?"

"नाही."

महिपतने त्यांच्या हातांकडे पाहिले. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, नवशिक्याचे असतात तसे घट्ट. त्याने आणखी एक गाडी येऊ द्या म्हटले. बस आली. शेंडे गेले. बस गेली, शेंडे आले. अनंतरावांचे हात हलले नाहीत. आता त्यांनीही पाहिले होते. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि भार्गवला फोन लावला.

फोन स्पीकरवर होता. हो, ते आपोआपच होतं, भार्गव म्हणाला. आरशामागे कॅमेरा आहे, समोरून कुणी आलं की गाडी आपला लाइट आपणच खाली घेते. मीच सुरू करून दिलं होतं, सांगायचं राहिलं. "समोरच्याच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून असतं ते, बाबा. चांगली सोय आहे."

अनंतरावांनी फोन खिशात ठेवला. महिपतराव, चूक तुमची नव्हती, असे ते दोनदा म्हणाले. महिपतला आनंद झाला, नाही असे नाही. छातीवरचा धोंडा कुणी उचलून बाजूला ठेवावा तसे झाले. डोळे खरे होते, डोके ठिकाणावर होते. पण आनंद हाताशी येतो न येतो तोच त्याच्या मनात दुसरेच काही शिरले.

"मंजे त्या रोजी," तो हळूच म्हणाला, "मले कोनी बलावलंच नव्हतं."

अनंतरावांनी गाडी वळवली आणि त्याला घरी सोडले.

पंकजने मुधोळच्या माणसाला येऊ नको म्हणून स्वतःच कळवले, आणि बापाला सांगितले, आता निवांत चालवा. मास्तरांनाही त्याने सगळी हकिकत सांगितली. तेही सोमवारपासून येतो म्हणाले. सगळे मनासारखे झाले, तरी महिपत रविवारी अंगणात येरझारा घालत राहिला. जीप पुसून झाली, तरी पुन्हा पुसू लागला.

जयवंताबाई उंबऱ्यात बसून डाव्या हाताने लसूण सोलायचा प्रयत्न करत होती. "आता काऊन असं करून राह्यले?" तिने विचारले.

"आंधी माह्यावरच माहा भरोसा नव्हता," महिपत म्हणाला. "आता लाइटावर नाई. समोरून खाली गेला त मी काय समजू, मानूस हाये का कॅमेरा?"

जयवंताबाईने थोडा विचार केला. "इचारत जा मंग," ती म्हणाली.

सोमवारी परतताना मागे मास्तर दाटीवाटीने बसले होते आणि पुढच्या सीटवर जयवंताबाई. दवाखान्यात हात दाखवायला ती सकाळीच जीपमधून आली होती, कुणी बोलावले नसताना. पुलापाशी येईपर्यंत अंधारले. पलीकडे एक गाडी येऊन उभी राहिली, पांढऱ्या लाइटाची. लाइट खाली गेला.

एका मास्तरने खाकरून घसा साफ केला. महिपतने इंजिन बंद केले, दार उघडले आणि तो खाली उतरला. पुलावरून चालत, डोळ्यांवर हात धरून, तो त्या उजेडात शिरला. पलीकडे पोचायला त्याला वेळ लागला, कारण उजेडात पायाखालचे दिसत नव्हते.

गाडीत एक तरुण मुलगी होती. तिने काच खाली केली. "क्या हुआ अंकल?"

"लाइट आप नीचे लिए क्या अम्मा," महिपतने विचारले, "या गाडी खुद ली?"

मुलीने समोरच्या चमकत्या पडद्याकडे पाहिले, मग कांडीकडे, मग त्याच्याकडे. "मालूम नहीं," ती म्हणाली. तिच्या आवाजात थट्टा नव्हती. तिला खरोखरच माहीत नव्हते.

"ठीक है," महिपत म्हणाला. "तो पहले तुम आओ."

तो मागे फिरला आणि आधी आपल्या बाजूला चालत आला. जीप थोडी मागे घेतली, वाट मोकळी केली. मग पुन्हा उतरून पुलाच्या तोंडाशी उभा राहिला, पलीकडून नीट दिसेल असा, आणि हात उंच करून त्याने तिला बोलावले. गाडी हळूहळू पूल ओलांडून आली. त्याच्या बाजूने जाताना मुलीने आतून हात वर केला. त्यानेही केला, आणि तिची गाडी वळणाआड जाईपर्यंत तो तसाच उभा राहिला.